नानांच्या ब्रेल प्रिंटरचा बोर्ड

सोम., ६ जाने. जळगाव
धुळ्याहून मंदाताईचा फोन. नानांचा जुना कॉम्प्युटर बंद. पंखा फिरतो, स्क्रीन काळी. नाना म्हणजे माझ्या बायकोचे, सुमनचे मामा, मंदाताईचे वडील. जन्मापासून आंधळे, हार्मोनियम शिकवायचे. दिवाळीनंतर कानही गेले. आता मंदाताई टाइप करते, ब्रेल प्रिंटर टिंबं उठवतो, नाना बोटांनी वाचून तोंडाने उत्तर देतात. प्रिंटरचं कार्ड जुन्या स्लॉटशिवाय बसत नाही, म्हणून मशीन बदलता येत नाही. कॉम्प्युटरचा मदरबोर्ड आणि ते कार्ड एसटीने पाठवायला सांगितलं.

बुध., ८ जाने.
बोर्ड आला. व्होल्टेज ठीक. बायोसची, म्हणजे मशीन सुरू करणाऱ्या प्रोग्रामची, चिप काढून वाचली. अर्धी बरी, पुढे नुसता कचरा. जुन्या चिपमधलं लिखाण विरत जातं. सुमनला म्हटलं, बोर्ड मेला नाही, सुरुवात कशी करायची तेवढं विसरला. 

शनि., ११ जाने.
नेटवर कुणा परदेशी हौशी माणसाने ठेवलेली या बायोसची फाइल मिळाली. चिपवर भरली. स्क्रीन आली! पण बोर्डाला प्रिंटरचं कार्ड सापडत नाही. फाइल नंतरच्या मॉडेलची निघाली.
संध्याकाळी मं.ताईचा फोन. नाना सारखा कागद मागतात. तिला स्वतःला ब्रेल येत नाही, ते सगळं कॉम्प्युटरच करतो. तळहातावर बोटाने अक्षरं काढून पाहिली, पण डोळसांची अक्षरं नानांना कधी आलीच नाहीत. कागद का बंद झाले हे त्यांना सांगायचं कसं? काल जेवताना अहिराणीत म्हणाले, "मन्हं काय चुकनं?"
 

मंगळ., १४ जाने.
संक्रांत. पाचोऱ्याला भंगारवाल्याकडे तसलाच बोर्ड सापडला. मधोमध तडकलेला, पण चिप शाबूत. घरी येऊन वाचली, आतलं लिखाण उतरवून घेतलं, आपल्या चिपवर भरलं. कार्ड सापडलं. सुमनने हातावर तीळगूळ ठेवला.

रवि., १९ जाने. धुळे
बोर्ड बसवला. प्रिंटर खडखडला तशी टेबलाची थरथर नानांना कळली. टेबलावर पंजा ठेवून हसले. मं.ताईने टाइप केलं: मशीन बिघडलं होतं. तुमचं काही चुकलं नाही.
नानांनी कागदावरून बोट फिरवलं. परत फिरवलं. उलटा करून पाहिला. मग दुसऱ्या हाताने.
"मंदा, हाऊ कागद कोरा शे."
मी हात लावून पाहिला. टिंबं स्वच्छ, टोकदार. त्यांनी पूर्वी वाचलेला जुना कागद दिला, तोही कोरा म्हणाले. मं.ताई खाली बसली. म्हणाली, साखर वाढलेली आहेच, पायाची जाणीव मागेच गेली, आता बोटांचीही. मशीन बंद पडायच्या आधी एकेक ओळ दोनदा वाचायचे. तिला वाटलं, प्रिंट फिकी येतेय.
नाना खुर्चीत ताठ बसून. कागद मांडीवर, कुणीतरी काहीतरी करेल म्हणून वाट बघत. मी त्यांचा हात धरला. त्यांनी विचारलं, कोण? सांगता आलं नाही.

सोम., २० जाने. जळगाव
मं.ताईचा फोन. नानांना तपासून डॉक्टर म्हणाले, थोडीफार जाणीव परत येईलही, खात्री नाही. मं.ताई विचारते, टिंबं मोठी करता येतील का? प्रिंटरमध्ये नाही. धुळ्याहून आणलेला छापील कागद बघून पुठ्ठ्यावर खिळ्याने मोठी टिंबं उठवून पाहिली. एका पुठ्ठ्यावर एकच शब्द मावतो. सुमनने डोळे मिटून बोट फिरवलं. म्हणाली, लागतात हाताला. पण तिची बोटं धड आहेत.
उद्याच्या एसटीने पुठ्ठा धुळ्याला पाठवतो.