अंगणावर जाळं

मानकोली, १२ मार्च २००४

आज घारीने तिसरं पिल्लू उचललं. हे म्हणाले, "कोंबड्या खुराड्यात कोंडून ठेव." का म्हणून? घार मोकळी आणि माझ्या कोंबड्या कोंडलेल्या?

माळ्यावरचं सासऱ्यांचं मासे धरायचं जाळं काढलं आणि अख्ख्या अंगणावर ताणून बांधलं. खाडीत मासळीच उरली नाही, जाळं नुसतं पडून होतं. तरी सासरे तडकले, "माझे जाल्याला हात कोनी लावला?"

"मी लावला, बाबा. सोडनार न्हाय."

आधी विचारायला हवं होतं का? हवं होतं. पण ते नाहीच म्हणाले असते.

संध्याकाळी घार वरून घिरट्या घालून गेली. खाली सासरे जाळ्याच्या लोंबत्या कडेचं भोक विणून बुजवत बसलेले. चहा नेऊन ठेवला. माफी मात्र मागितली नाही.