ऑस्टिनचा दाखला

कांचघर, जबलपूर
१२ जानेवारी १९९३

ती. तुळशीराम मामांस,
प्रतिमाचा शि. सा. जयभीम. वि. वि.

तुमचं पत्र येऊन महिना झाला, उत्तर आता देते आहे. रागावू नका. हल्ली शाळेतून आले की पोळी लाटायचाही कंटाळा येतो. भात टाकते आणि पातेल्यातच खाते. हे मामीला सांगू नका, नाहीतर ती डबे बांधून पहिल्या गाडीनं निघेल.

कोर्टाची दुसरी तारीख २४ फेब्रुवारीला आहे. दोघांच्या संमतीचा घटस्फोट, म्हणून वकील म्हणतात ही शेवटचीच. पण त्याआधी वाटणीची यादी पुरी व्हायला हवी, आणि विनय ती पुरी होऊ देत नाही. तुम्हाला खोटं वाटेल, फ्रिजवर आमच्या तीन बैठका झाल्या. मिक्सरवर दोन. शिलाई मशीन माझ्या आईनं दिलेलं, तर त्याचीही पावती मागितली. चौदा वर्षांच्या संसारात हा माणूस माझ्याशी सलग इतका वेळ कधी बोलला नव्हता.

आता उरली सासऱ्यांची ऑस्टिन. रामरावजींनी जाताना ती मुलाच्या आणि सुनेच्या, दोघांच्या नावानं लिहून ठेवली. विनय गाडी ठेवणार आणि निम्मी किंमत मला देणार, इथपर्यंत आलो आहोत. इंदूरच्या एका जुन्या गाड्यांच्या शौकिनानं फोटो पाहून कळवलंय की गाडी १९५१ची, तिचं इंजिन मूळचं असेल तर एक लाख चाळीस हजार. बदललेलं असेल तर चाळीस, वर एक रुपया नाही. तेव्हा कुणा जाणकारानं तसा दाखला द्यायचा. दोघांना मान्य असा माणूस कोण, असं वकिलांनी विचारलं, तर विनयनंच तुमचं नाव घेतलं. म्हणाला, भाची असली तरी मामाजी कागदावर खोटं लिहिणार नाहीत.

मामा, मला त्या गाडीचं काही नाही. फेब्रुवारीअखेर हाउसिंग बोर्डात पासष्ट हजार भरले तर रिछाईच्या बाजूला दोन खोल्या माझ्या नावावर होतात. नाही भरले तर यादीतून नाव गेलं. ही खोली मार्चमध्ये सोडायची आहे. एकट्या बाईला किती दिवस ठेवायचं, असं घरमालकीण शेजारणीला सांगते, मला ऐकू जाईल अशा बेतानं. गाडीचे सत्तर हजार आले की मी कुणाची मिंधी नाही. थकले आहे हो मी. ती गाडी तुम्हीच उभी केलीत, दाखला लिहायला तुम्हाला कितीसा वेळ लागणार? या आणि लिहून द्या.

मामीस जयभीम. लोभ कमी करू नका, सध्या तेवढीच पुंजी आहे.

तुमची
प्रतिमा


इंदोरा, नागपूर
२० जानेवारी १९९३

चि. सौ. प्रतिमास अ. उ. आ.

‘सौ.’ लिहून गेलो आणि मग थांबलो. हाताची सवय. खोडलं तर पत्र घाण दिसेल म्हणून राहू दिलं, तू समजून घे.

मामीला सांगू नका म्हणतेस, पण पोस्टमन पत्र तिच्याच हाती देतो. अक्षर अक्षर लावत ती पातेल्यातल्या भातापर्यंत आली आणि तिथेच थांबली. पुढचं मला वाचावं लागलं. तिनं डबे काढले आहेत. आता तुझं तू बघ.

ऑस्टिननं माझे किती रविवार खाल्ले ते तुला काय माहीत! नऊ वर्षं विटांवर उभी होती, सीटमध्ये उंदरांनी संसार मांडलेला. रामराव फाटकाशी उभे राहून दर अर्ध्या तासानं विचारायचे, भाऊ, चालेल ना? भला माणूस. तुझ्या लग्नात तीच गाडी तुला घेऊन निघाली तेव्हा मी मागे स्कूटरवर होतो. लोक नवरीकडे बघत होते, मी तिचा आवाज ऐकत होतो. चढावरसुद्धा दम लागला नाही तिला.

दाखल्याचं म्हणशील तर येतो. इंजिनाचं तिथे येऊन पाहतो, इथून काय सांगू? चौतीस वर्षं तिथल्या जबलपूरच्या फॅक्टरीत इन्स्पेक्शनला काढली. साहेब लोक ओरडले, बदलीची धमकी दिली, तरी माझ्या शिक्क्याखालून खराब नट बाहेर गेला नाही. विनयला हे ठाऊक आहे. पण माझं नाव घेण्याआधी त्यानं मला विचारायला हवं होतं.

५ फेब्रुवारीला निघतो. फॅक्टरीतला माझा जुना सोबती लहानू ढोके, त्याच्याकडे उतरेन, तुझ्या एका खोलीत गर्दी नको. नीट जेवत जा. आमचा जीव तुझ्यात आहे हे दर पत्रात लिहायला लावू नकोस.

तुझा मामा
तुळशीराम


द्वारा लहानू ढोके, कांचघर, जबलपूर
८ फेब्रुवारी १९९३

प्रिय भागीरथेस तुळशीरामचा जयभीम.

हे पत्र शेजारच्या कुसुमबाईंकडून वाचून घेऊ नकोस. स्वतः वाच. रात्रशाळेत गेलीस त्याचा उपयोग होऊ दे. मुद्दाम मोठं अक्षर काढलं आहे. वेळ लागला तर लागू दे.

भागीरथे, त्या गाडीत तिचं स्वतःचं इंजिन नाही. हे मी तुलाही कधी सांगितलं नाही. लग्नाला तीन आठवडे उरले होते आणि जुन्या इंजिनाला तडा गेलेला निघाला. रामरावांना सांगितलं असतं तर ते खर्च घ्या म्हणून मागे लागले असते, आणि भाचीच्या लग्नात मामानं काय दिलं हे मामानं बोलायचं नसतं. मी फंडातून पैसे काढले. तुला सांगितलं की छपराला लागले. ॲम्बेसडरचं इंजिन आणलं, मी आणि लहानूनं रिछाईच्या एका वर्कशॉपात ते बसवलं आणि वरून जुन्यासारखा हिरवा रंग दिला. जुनं इंजिन वजनावर भंगारात गेलं. मला वाटलं, मी गाडी सुधारली! फॅक्टरीतल्या माणसाला दुसरं काय सुचणार? जे मोडलं ते काढायचं, त्याहून चांगलं बसवायचं. आता इंदूरचा तो शौकीन म्हणतो की बदललं म्हणूनच किंमत गेली. म्हातारपणी हे नवं शास्त्र शिकतो आहे.

काल प्रतिमाकडे गेलो. खोली कसली, जिन्याखालची जागा. घरमालकिणीनं दारातच मला अडवून विचारलं, आप कौन, कब तक रुकेंगे. तेव्हा पोरीचं तोंड असं झालं की मला बघवलं नाही. भिंतीवर तिनं नव्या घराचा नकाशा चिकटवला आहे. ओटा कुठे, पलंग कुठे, पेन्सिलीनं लिहिलं आहे. तो मला दाखवत होती आणि मध्येच विचारलं, मामा, तुम्ही काहून गप्प आहा? मी म्हटलं, प्रवासाचा शीण.

खरं लिहिलं तर तिला वीस हजार मिळतील आणि घर जाईल. खोटं लिहिलं तर विनयच्या खिशातून पन्नास हजार मी चोरले, आणि तोही आपल्या घरी जेवलेला मुलगा आहे. तिला खरं सांगून खोटा दाखला दिला तर ती घेणार नाही, तिला मी ओळखतो. आपले घालावे तर पासबुकात अकरा हजार, तेही तुझ्या डोळ्याच्या ऑपरेशनचे. १७ तारखेला दाखला विनयकडे नेऊन त्यावर त्याची मान्यतेची सही घ्यायची आहे. माझी मती चालत नाही. परतीच्या टपालानं कळव.

थंडी आहे, गुडघ्याला तेल लाव. माझ्यावरचा राग मी आलो की काढ, पत्रात जागा वाया घालवू नको.

तुझा
तुळशीराम


नागपूर
१३ फेब्रुवारी

श्री. तुळशीराम यांस भागीरथाचा जयभीम.

पत्र दोन दिवस वाचत होती. कुसुमबाईले दाखवलं नाही. छपराचे पैसे छपराले लागले नाही हे मले तेव्हाच समजलं होतं. छप्पर गळतच होतं ना.

तुमी चौतीस वर्ष लोखंडासंग खरं वागले. लोखंडाले राहाले घर लागत नाही, पोरीले लागते. सही करा. पाप लागलं तर अर्धं माह्या नावावर टाका.

तेल लावून राहिली. लवकर या, घर खायाले उठते.

भागीरथा


कांचघर, जबलपूर
६ मार्च १९९३

ती. मामांस,
प्रतिमाचा शि. सा. जयभीम. वि. वि.

झालं सगळं. २४ला कोर्टात दहा मिनिटंही लागली नाहीत. आमच्या आधी कुणाचं तरी भिंतीचं भांडण होतं, त्याला तास लागला. २५ला विनयनं सत्तर हजारांचा ड्राफ्ट वकिलांकडे दिला आणि पुढचे दोन दिवस मी बँक आणि बोर्ड यांच्यात धावत होते. पैसे वेळेत भरले. किल्ली २० तारखेला मिळेल. तिथल्या बाबूनं अर्जावर पतीचं नाव विचारलं. मी वडिलांचं सांगितलं. त्यानं मान वरही केली नाही, लिहून टाकलं. मी उगाच घाबरत होते.

मामा, तुम्ही धावून आलात. तुमच्या एका कागदानं माझं घर झालं. हे मी विसरणार नाही.

आता आनंद व्हायला हवा. पण एक गोष्ट घशात अडकून बसली आहे, ती तुम्हालाच लिहिते. फ्रिजवर तीन बैठका घेणारा माणूस सत्तर हजारांवर एक शब्द बोलला नाही. तुम्ही सतराला त्याच्याकडे गेलात आणि तासाभरात सही घेऊन आलात. वकीलसुद्धा म्हणाले की हे कसं झालं बुवा. म्हणजे मला एकदाचं निकालात काढायची त्याला इतकी घाई होती की कागद वाचलाही नसेल. कोर्टात नाव पुकारलं तेव्हा लागलं नाही इतकं मला हे लागलं. सोडून तर मी आले होते. मग मला का लागावं? सांगा. तुम्ही हसाल.

मामीला म्हणावं डबे आता खुशाल आणा, ठेवायला फडताळ आहे. तुमची माया आहे तशी राहू द्या.

तुमची
प्रतिमा


सिविल लाइंस, जबलपूर
९ मार्च १९९३

आदरणीय मामाजींना विनयचा जयभीम.

माझी शाळा सगळी हिंदीत झाली. पत्रात चुका असतील, त्या पोटात घाला.

गाडीचं इंजिन मूळचं नाही हे मला १९८४पासून माहीत आहे. एकदा गाडी घाटात बंद पडली. मिस्त्रीनं इंजिनावरचा नंबर आणि गाडीचं पुस्तक माझ्यापुढे धरलं. मी घरी येऊन बाबांना सांगितलं. बाबांनी गाडीचं पुस्तक माझ्या हातातून घेऊन मिटलं. मग म्हणाले, तुळशीरामनं दिलं आहे. तो बोलला नाही, तर आपणही विचारायचं नाही. आम्ही विचारलं नाही.

दाखल्यासाठी तुमचं नाव मी मुद्दाम घेतलं. तुम्ही खरं लिहाल आणि मी वीस हजारांत सुटेन, असा माझा हिशोब होता. कबूल करतो. सतराला तुम्ही कागद ठेवलात. ‘इंजिन मूळचे आहे’ हे मी वाचलं. वाटलं, चुकीचं वाचलं. पुन्हा पहिल्यापासून वाचलं. तुम्ही खिडकीबाहेर बघत होता. चहाला हात लावला नव्हता. ज्या माणसानं साहेबांच्या धमकीला घाबरून एक नट सोडला नाही, त्यानं प्रतिमासाठी आपली चौतीस वर्षं माझ्या टेबलावर आणून ठेवली होती. मी तिच्यासाठी काय ठेवलं?

फ्रिज मला नको होता, मामाजी. मिक्सर मला लावतासुद्धा येत नाही. पण वाद मिटला की बैठक संपायची, आणि बैठकीला ती यायची. समोर बसून बोलायची. घरात होती तेव्हा मला हे सुचलं नाही. तो दोष माझा आहे, दुसऱ्या कुणाचा नाही. त्या कागदापुढे मला फार थकल्यासारखं झालं. म्हटलं, पुरे. सही केली.

पैसे सोसायटीतून काढले, फिटतील. तुम्ही मला फसवलंत असं मनात आणू नका. माहीत असून घेतलं, त्याला फसणं म्हणत नाहीत. प्रतिमाला मात्र सांगू नका. कळलं तर ती पैसे परत करेल आणि घर जाईल.

मामीजींना जयभीम. कागदावर नातं राहिलं नाही, तरी कधी चार ओळी लिहाल तर बरं वाटेल.

आपला
विनय


इंदोरा, नागपूर
१५ मार्च १९९३

चि. प्रतिमास अ. उ. आ.

पत्र पोचलं. मी हसलो नाही. मामी तर मुळीच नाही. ती २० तारखेला सकाळी येते आहे. नव्या घरातला पहिला चहा ती करणार, तू मध्ये पडायचं नाही, असा निरोप आहे. मी मागाहून येईन. सध्या मला प्रवास झेपत नाही.

तुझ्या घशात जे अडकलं आहे त्याचं लिहितो. सतराला मी विनयच्या समोर बसलो होतो, मध्ये फक्त टेबल. तुझं पत्र आल्यावर तो सगळा तास मी पुन्हा आठवून पाहिला. मी अंदाजानं काही सांगत नाही. त्याला घाई नव्हती. त्यानं कागद वाचला. संपला तसा पुन्हा पहिल्यापासून वाचला. मग पेन हातात घेऊन बराच वेळ बसला, आणि मग सही केली.

याहून जास्त मला कधी विचारू नकोस. आम्हा दोघांना तुझ्याशिवाय कोण आहे, हे ध्यानात ठेव.

तुझा मामा
तुळशीराम