पाटी कोणी धरायची

ता. ४ जानेवारी

श्री. व्याहीबुवांस,
स. न. वि. वि.

इकडे सर्व ठीक, म्हणजे माझा गुडघा सोडून. पत्रास कारण की, वर्तमानपत्रातला फोटो पाहिला. सरावानंतर आपली झिपरी तलावाच्या काठाला धरून धापा टाकते आहे, शेजारी तुम्ही पाटी घेऊन बसला आहात आणि खाली छापलंय, ‘आजोबांसह’. न्हाव्याच्या दुकानात चार जणांनी ते मोठ्याने वाचलं. तिचे आजोबा तर तुम्ही, मग हे गृहस्थ कोण, असं मला विचारलं. मी सांगितलं, ते आईकडचे. त्यावर न्हावी म्हणाला की, छापून येतात ते खरे. अर्धी दाढी तशीच ठेवून मी उठणार होतो.

आता स्पष्टच लिहितो. तीन वर्षं झाली, नात आठशे मीटर पोहते आणि पलीकडच्या टोकाला बसून फेऱ्यांचा आकडा दाखवायला दर वेळी तुम्हीच. माझा धाकटा मुलगा सांगतो की शाळेच्या शर्यतीत पाटी धरायला ज्याने त्याने आपलं माणूस न्यायचं असतं. मी काय परका आहे? तुम्ही हेडक्लार्क, तुम्ही कागद मोजलेत. मी एकतीस वर्षं गोदामात मुकादम होतो. चौथी शिकलेला, पण हमालांच्या पाठीवरून पळणारी पोती मोजायचो आणि एक पोतं कधी इकडचं तिकडे झालं नाही. सोळा फेऱ्या मला जड नाहीत.

तिचं हे शाळेचं शेवटचं वर्ष. दोनच शर्यती उरल्यात. एक तरी मला द्या. तुम्ही तिला रोज सकाळी तलावावर नेता, टॉवेल धरता, डबा देता. मी इथे पाच तासांच्या अंतरावर नुसता घोर लावून बसतो, की पाणी गार असेल, कानात जाईल, पायात गोळा येईल. काळजी माझ्या वाट्याला आणि फोटो तुमच्या.

तुमच्याकडे लोभ पुष्कळ साठला आहे. त्यातला चमचाभर इकडेही सांडावा.

आपला,
व्याही


ता. ९ जानेवारी

श्री. मुकादमसाहेबांस,
कृ. सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. न्हाव्याला माझा नमस्कार सांगा.

सकाळी साडेपाचला सिमेंटच्या पायरीवर बसून कोणाचं पोट भरत नाही, फक्त कंबर धरते. आणि खरं सांगू, पोर एकदा पाण्यात शिरली की मी तिचा कोणी नसतो. मागे तिचा खांदा दुखावला तेव्हा डॉक्टरांनी आठवडाभर पाणी बंद केलं. सातही दिवस ती तलावावर येऊन काठावर पाय सोडून बसली. मी म्हटलं, घरी झोप काढ. तर म्हणाली की नाना, वास तरी घेऊ द्या. औषध टाकलेल्या पाण्याचा वास, मुकादमसाहेब. त्यापुढे तुम्ही कोण आणि मी कोण.

तरी जरूर या. पंचवीस तारखेला निवडीची शर्यत आहे, पाटी तुमची. पहिल्या चौघी अंतिम शर्यतीला जातात.

आहे तो लोभ दोघांना पुरेल, असा माझा अंदाज आहे.

आपला,
व्याही

ता. क. (मागील बाजूस) : महत्त्वाचं राहिलं. पाटीवर झालेल्या फेऱ्या दाखवायच्या नसतात, उरलेल्या दाखवायच्या. ती पहिल्यांदा तुमच्यापाशी येईल तेव्हा पंधरा, मग तेरा, अकरा, असं उतरत जायचं. एक म्हणजे शेवटची फेरी.


ता. २७ जानेवारी

श्री. व्याही यांस,
नमस्कार.

तुम्ही माझा केसाने गळा कापलात. तिथे तोंडावर बोलता आलं नाही, म्हणून घरी येऊन लिहितो.

झिपरी पहिल्यांदा आली, मी एक दाखवला. पुन्हा आली, दोन दाखवला. पोतं आलं की एक, दुसरं आलं की दोन, हे लहान मुलालाही कळतं. तर तिचं पाण्यातच तोंड उघडलं आणि ती गुदमरली. मला वाटलं पोर बुडते, मी पाटी टाकून ओरडलो. पंच धावत आले आणि विचारू लागले की आजोबा, तुम्ही काय दाखवताय. सगळ्या तलावासमोर शोभा झाली. पहिली येणारी पोर चौथी आली, थोडक्यात वाचली.

उतरते आकडे धरायचे, हे तुम्ही मला मुद्दाम सांगितलं नाहीत. पाटी दिलीत आणि विद्या दाबून ठेवलीत. माझी फजिती झाली की तुमची जागा पक्की, एवढं मला चौथीतही कळत होतं.

लोभ सध्या तुमच्याकडेच राहू द्या.

मुकादम


ता. २ फेब्रुवारी

ती. आबांस,
झिपरीचा शि. सा. न.

तुमचं पत्र आल्यापासून नाना दोन दिवस मला डबा द्यायला विसरले, म्हणून मी ते घेऊन वाचलं. आबा, त्यांच्या पत्राची मागची बाजू बघा. तुम्ही रागावलात की पान उलटत नाही, असं बाबा म्हणतात.

आणि मी बुडत नव्हते, हसत होते. पहिल्या वळणाला आले तर म्हणे एकच फेरी उरली. पुढच्याला आले तर दोन. म्हटलं, घरी जायच्या वेळी आबा मला आठ उरल्यात म्हणून सांगणार. अर्धा तलाव पोटात गेला.

तसं मला मोजता येतं. पाटी वेगळ्याच कारणाने लागते. दहाव्या फेरीनंतर हात शिशाचे होतात, कानात आपलाच श्वास ऐकू येतो, आणि ते मला इतकं आवडतं की दुखलं तरी संपू नये असं वाटतं. मग किती उरलंय ते सांगणारं कोणीतरी काठावर लागतं. नाहीतर मी तशीच जात राहीन. पुढे कॉलेजात शर्यती नाहीत. पोहेन मी, पण मोजायला कोणी नसेल.

वीस तारखेला पाटी कोणी धरायची ते तुम्ही दोघांनी ठरवा. माझे दोन तुकडे करू नका. एका तुकड्याने आठशे मीटर होत नाहीत.

गुडघ्याला तेल लावा, आणि माझ्यावरचा राग असेल तर तो नानांवर काढू नका.

तुमची,
झिपरी


ता. ८ फेब्रुवारी

श्री. मुकादमसाहेबांस,
कृ. सा. न. वि. वि.

तुमचं माफीचं कार्ड पोचलं. त्याची गरज नव्हती, पण जपून ठेवलं आहे.

त्या दिवशी मी वर बाकावर होतो. तुम्ही दोन दाखवलात आणि ती पाण्यात हसली, ते मला तिथून दिसलं. तीन वर्षं मी बरोबर आकडे दाखवले, ती एकदाही हसली नाही. लिहायला बरं वाटत नाही, पण लिहितो. तुमचा हेवा वाटला.

वीस तारखेला तुम्हीच बसा. मी वर बसेन. पंधरापासून सुरू करा.

या वयात लोभ मागायला लाज वाटते, तेव्हा समजून घ्या.

आपला,
व्याही


ता. २२ फेब्रुवारी

श्री. व्याहीबुवांस,
स. न. वि. वि.

काल सुखरूप पोचलो.

पाटी चुकली नाही, हे तुम्ही पाहिलंतच. पंधरा, तेरा, अकरा, सगळं जिथल्या तिथे. हलू नये म्हणून पाटी दोन्ही गुडघ्यांत दाबून धरली. झिपरीने माझ्याकडे पाहिलं ते रस्त्यावरच्या खांबाकडे पाहतात तेवढंच. आठ वेळा आली, आठ वेळा पाणी उडवून गेली. मला दिसली ती एक टोपी आणि दोन तळपाय. मान वर करायची सोय नव्हती, आकडा चुकला तर काय, ही धास्ती. एक दाखवला, ती वळली, आणि मग डोकं वर काढतो तो सगळे उभे, तुम्हीही उभे, आणि ती माझ्यापासून पन्नास मीटर लांब. दुसरी आली हे मला कर्ण्यावरून कळलं.

धाकटा सांगतो की नवव्या फेरीपर्यंत ती पाचवी होती, मग एकेकीला मागे टाकत गेली. शेवटी पहिलीत आणि तिच्यात एका हाताचं अंतर होतं. असं पोहताना तिला कधी पाहिलं नव्हतं, आणि तुम्ही खिशात रुमाल शोधत होतात, असंही सांगतो. मी तिथेच होतो, दोन हातांवर, आणि मी काही पाहिलं नाही.

तीन वर्षं तुम्हालाही दिसलं नसणार, हे मला आता कळतंय. जागा सोडताना तुम्हाला हे पुरतं ठाऊक होतं. शेवटी हेडक्लार्क तो हेडक्लार्क. मला पाटी दिलीत आणि शर्यत स्वतःकडे ठेवलीत. ती शर्यत आता पुन्हा व्हायची नाही.

तेव्हा लोभाचं राहू द्या. मला शर्यत लिहून पाठवा. तिने उडी मारली तिथपासून. कोणत्या फेरीला कोणाला गाठलं, श्वास कुठल्या बाजूने घेत होती, कुठे दमल्यासारखी वाटली, कुठे नाही. तुमचं अक्षर चांगलं आहे, वेळही भरपूर आहे. दोन ओळींत उरकू नका. सोळाच्या सोळा फेऱ्या लिहा.

आपला,
व्याही