अंगावर काही नाही

विहीणबाईंना सप्रेम नमस्कार. विनंती आहे, पण ती शेवटी, आधी विशेष.

तुमचा गुडघा कसा आहे? जिना उतरताना कठडा धरता ना? व्याहीबुवांचा खोकला आता गेला असेल (नसेल तर ते औषध बेसिनमध्ये ओतताहेत, आमच्याकडेही तोच प्रकार आहे). इकडे सगळं ठीक. माझ्या डोक्याचा फोटो काढला, त्यात मला डोळे नाहीत असं निघालं, एवढंच.

घाबरू नका, सविस्तर सांगते. दीड महिन्यापासून उजव्या डोळ्याला वरचा अर्धा भाग अंधुक दिसतो. मी आधी चष्म्याला दोष दिला, मग दुकानातल्या दिव्याला. मग एका गिऱ्हाइकाच्या कोटाला मी दोन्ही बाह्या डाव्या लावल्या. गृहस्थ सज्जन, घालून बघितला आणि म्हणाले, खांद्यात जरा ओढतोय. तीस वर्षं मशीनवर बसतेय, असं कधी झालं नव्हतं, म्हणून मुकाट्याने डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेले. ते म्हणाले, डोळा चांगला आहे, पण मागच्या नसेवर कशाचा दाब आहे का ते बघायला हवं, आणि लवकर. गेलेली नजर परत येईलच असं नाही. म्हणून एमआरआय.

आत नेण्याआधी तिथल्या मुलीने प्रश्नांची फैर झाडली. हृदयात यंत्र? हाडात खिळा? कवळी? सगळ्याला नाही. मग म्हणाली, अंगावर काही धातूचं? आता शिंपिणीला हा प्रश्न विचारावा का? बांगड्या, कानातलं, केसातले आकडे तर काढलेच, वर पदरातून, बाहीतून, कमरेतून अकरा टाचण्या निघाल्या. ती मुलगी थक्क झाली आणि मी भलतीच खूश. पुन्हा विचारलं, तेव्हा छातीठोकपणे सांगितलं, अंगावर काही नाही. विहीणबाई, मी खोटं बोलले का सांगा. दात अंगावर असतात का? ते तोंडात असतात. (आणि दातांना तारा लावल्यापासून मी तोंडावर हात ठेवूनच बोलते, तेव्हा तिला तरी कशा दिसणार?)

मग त्या बोगद्यात सरकवलं. आत कोणीतरी पत्र्याचे डबे बडवत होतं. मी ओंडक्यासारखी पडून राहिले, नाकाला खाज सुटली तरी हललेही नाही, म्हणजे माझ्याकडून कसूर नाही. पाच मिनिटांत आवाज थांबला आणि मुलगी धावत आली. तोंड उघडा म्हणाली. उघडलं. तिने कपाळावर हात मारला.

फोटो वाचणारे मोठे डॉक्टर आले, त्यांनी पडद्यावर दाखवलं. मागचा मेंदू झकास, अगदी घडीन् घडी दिसत होती. पुढे मात्र तोंडापासून डोळ्यांपर्यंत शाई सांडावी तसा काळा डाग, आणि डागाच्या कडेचं सगळं वेडंवाकडं ओढलेलं. मी विचारलं, पुढे मेंदू आहे ना? म्हणाले, असणार, पण तुमच्या दातांवरच्या स्टीलमुळे चुंबकाचं गणित बिघडतं, त्यामुळे दिसत नाही. दात उपटून निघाले असते का, हेही विचारून घेतलं. नाही म्हणाले, चिकटवलेल्या तारांना सहसा काही होत नाही, फक्त फोटो बिघडतो. आणि नेमका जो भाग बघायचा तोच डागाखाली. तार आणि दातांवर चिकटवलेल्या पट्ट्या काढून गुरुवारी या.

इथे माझी पंचाईत झाली. या तारा तुमच्या चिरंजीवांनी लावल्यात. आपली सासू तोंडावर हात ठेवून हसते हे लग्नाच्या बोलणीतच त्यांच्या डोळ्यांत भरलं होतं. सोळा महिने खपून डॉक्टरसाहेबांनी माझ्या पुढच्या दातांतली फट काडीएवढी होती ती दोऱ्याएवढी केली. दर महिन्याचा माझा फोटो त्यांच्या दवाखान्याच्या भिंतीवर आहे (मी तोंड फाकून, ओळखीचे लोक तो बघून मला रस्त्यात नमस्कार करतात). त्यांनी सुरुवातीलाच दाताच्या रंगाच्या पट्ट्या सुचवल्या होत्या, चिनीमातीसारख्या. त्या पट्ट्यांनी फोटो फारसा बिघडला नसता म्हणे. पण मीच हट्ट धरला, भांडी असोत की दात, स्टील टिकतं. टिकलं. आता कोणत्या तोंडाने सांगू त्यांना, की काढा? नजरेचंही त्यांना सांगितलेलं नाही. आमच्या लेकीला कळेल, आणि ती रडायला लागली की मला आवरत नाही.

बाकी क्षेम. व्याहीबुवांना नमस्कार.

तुमची विहीण

ता. क. विनंती ही, की तारा काढायचं तुम्ही सांगा त्यांना. आईने सांगितल्याचं त्यांना वाईट वाटणार नाही. गुरुवारच्या आत.

ता. क. २. पत्र टाकायचं राहिलं तेच बरं झालं. आमच्या ह्यांच्या पोटात काही राहत नाही. परवा त्यांनी जावयाला सगळं सांगून टाकलं. अर्ध्या तासात तो दारात. चपला पायांत वेगवेगळ्या. मला दवाखान्यात नेऊन बसवलं, रागावला, दीड महिना गप्प कशा बसलात म्हणाला. एक एक पट्टी त्याने स्वतः काढली, विहीणबाई. फट पुन्हा रुंदावेल, मी म्हटलं. रुंदावू दे, म्हणाला, आणि तोंड फिरवून कितीतरी वेळ हात धूत राहिला. तेव्हा वरची विनंती रद्द. दुसरी करते: पत्र मिळताच त्याला फोन करा. गुरुवारी तो माझ्याबरोबर येणार आहे, आणि दोन दिवस जेवलेला नाही. मी सांगून बघितलं, माझं ऐकत नाही.