बावीस सेकंदांचा चौक

घरच्या मालकांना नमस्कार.

मी मजेत आहे, गुडघाही बरा आहे. तुम्ही गोळ्या घेता ना?

पायी चालणाऱ्यांना रस्ते किती धोक्याचे, ते मोजायचीच इथे शहरात आपल्या नातीची नोकरी. गेल्या महिन्यात तिने घड्याळ लावून मला चौक ओलांडायला लावला. हिरवा दिवा बारा सेकंदांचा, मला लागले बावीस. अर्ध्यावर गाड्या सुटल्या. नात शेजारीच होती, घाबरू नका. डोळ्यांपुढे नुसते गाड्यांचे दिवे तरंगत होते.

सिग्नलच्या वेळा ठरवणारा तिचा साहेब तिथेच होता. म्हणाला, "आजी फार हळू चालतात."

मी म्हटलं, "मेल्या, तुझा दिवाच पळपुटा आहे!"

कालपासून दिवा पंचवीसचा झाला. संध्याकाळी मी उगाच पलीकडे जाऊन आले. अख्खं शहर माझ्यासाठी थांबलं, स्वप्नात थांबावं तसं.

तुम्ही मात्र पन्नास वर्षं दहा पावलं पुढेच. स्टेशनवर न्यायला याल तेव्हा गुडघा बरा आहे हे विसरा आणि हळू चाला.

तुमची,
मागून येणारी