वीस अक्षरांत माणूस बसतोच

४ मार्च, सोमवार
हॉस्पिटलच्या रक्ततपासणी लॅबमधून तक्रार. नळ्यांवर चिकटवायच्या लेबलांचा प्रोग्राम माझा, सी भाषेत लिहिलेला. काही लेबलांवर नाव येतं, रक्तगटाची जागा कोरी. प्रिंटर तपासा म्हणून कळवलं. माझ्या कोडमध्ये चूक निघत नाही, हे ऑफिसात सगळ्यांना माहीत आहे. निदान मी तरी सगळ्यांना सांगितलेलं आहे.

लॅबची मुख्य म्हणजे माझी बायको. त्यामुळे तीच तक्रार जेवतानाही आली. प्रिंटर नवाकोरा आहे, म्हणाली. मी भाजी छान झालीय म्हणालो. भाजी मीच केली होती.

५ मार्च
सापडलं! नावासाठी मी वीस जागा ठेवल्या होत्या, त्याला लागून रक्तगटाच्या चार. नाव बरोबर वीस अक्षरांचं असलं, की शेवटाची खूण असलेलं शून्य शेजारच्या घरात जाऊन पडतं आणि रक्तगट पुसला जातो. वीसच्या एकवीस केल्या. काम फत्ते.

ऑफिसात प्रोग्राम तपासणाऱ्या टेस्टरबाई म्हणाल्या, याहून लांब नाव आलं तर? मी म्हणालो, वीस अक्षरांत माणूस बसतोच. त्यांनी वहीत काहीतरी टिपून घेतलं. पटलं असावं.

संकल्प: आजपासून कोड दोनदा वाचायचा. (आज नाही, आज दमलोय.)

८ मार्च
एका पेशंटचा रक्तगट ‘एन’ छापला गेला. असा गट नसतो म्हणे. लॅबमध्ये टाइप करताना बोटं घसरतात, त्याला मी काय करणार? बायकोला तसं बोलून दाखवलं. ती म्हणाली, बोटं माझी होती. विषय तिथेच संपवला.

सी भाषेबद्दल लोक उगाच बोंब मारतात, की ती काही तपासत नाही. अहो, सी सभ्य भाषा आहे. ती प्रोग्रामरवर विश्वास टाकते. घरी हे कुणी शिकेल तर बरं.

११ मार्च
सासरे अंघोळीला जाताना पडले. खुब्याचं हाड मोडलं. बुधवारी ऑपरेशन, रक्त लागणार. मी धावत गेलो. त्यांनी हात घट्ट धरला आणि विचारलं, तुझं काम काय आहे रे नेमकं? मी म्हणालो, बाबा, तुमच्या नळीवरचं लेबल माझंच.

दुपारी बायकोचा फोन. बाबांचा गट ‘ओ’, लेबलवर ‘ए’. तिने वडिलांचा गट पाठ असल्यामुळे ओळखलं. दुसऱ्या कुणाचे वडील असते तर, एवढंच म्हणाली आणि फोन ठेवला.

कारण कळलं. सासऱ्यांचं नाव मधल्या रिकाम्या जागा धरून बावीस अक्षरांचं, शेवटचं इंग्रजी अक्षर ‘ए’. ते सांडून रक्तगटात गेलं. म्हणजे मूळ दोष नावाचा. पण आजारी माणसाला कसं सांगणार?

१२ मार्च
कायमचा इलाज केला. नावासाठी चौसष्ट जागा. शिवाय नाव भरणारं वेगळं फंक्शन, म्हणजे प्रोग्रामचा एक तुकडा: आधी नावाच्या जागेचं, म्हणजे डब्याचं, माप विचारायचं, मग मावेल तेवढंच भरायचं. सांडायचा प्रश्नच मिटला. किती देखणं लिहिलंय! टेस्टरबाई म्हणाल्या, पाठवण्याआधी चालवून बघू. मी म्हणालो, सासरे ऑपरेशनला चाललेत आणि तुम्हाला चालवून बघायचंय? पाठवून दिलं. घरचा माणूस म्हणून काही कर्तव्य असतं.

१३ मार्च
सगळ्यांची नावं सात अक्षरांची झाली.

फंक्शनमध्ये शिरल्यावर डबा नसतो, डब्याचा पत्ता असतो. मी माप विचारलं. कॉम्प्युटरने पत्त्याचं माप सांगितलं. आठ. सात अक्षरं आणि एक शून्य. शून्याला जागा मात्र या वेळी आठवणीने ठेवली होती, हे कुणी लक्षात घेत नाही.

सासरे आणि शेजारच्या खाटेवरचे निवृत्त मास्तर, दोघांची पहिली सात अक्षरं एकच. लॅबने सगळ्या नळ्या फेकल्या, पुन्हा सगळ्यांचं रक्त काढलं. ऑपरेशन पुढे ढकललं. सासरे सकाळपासून उपाशी, हाड दुखतंय. मी भेटायला गेलो तर त्यांनी भिंतीकडे तोंड केलं. गुंगीचं औषध दिलेलं असावं.

बायको घरी आल्यावर रागावली असती तर बरं झालं असतं. ती खांद्यावरची पर्सही न काढता खुर्चीवर बसली. मग म्हणाली, आज बाबांना दुसऱ्यांदा सुई मीच टोचली. यावर काय लिहायचं ते सुचत नाही.

१४ मार्च
टेस्टरबाईंनी दुरुस्त केलं. फंक्शनला पत्त्याबरोबर मापही द्यायचं. नाव मावत नसेल तर लेबल छापायचंच नाही, तसं स्क्रीनवर सांगायचं. एवढंच. मलाही हेच सुचणार होतं.

ऑपरेशन नीट झालं. सासऱ्यांना ‘ओ’ मिळालं.

१८ मार्च, सोमवार
साहेबांनी मला लॅबमध्ये पाठवलंय. लॅबचा विश्वास परत बसेपर्यंत लेबलं हाताने लिहायची आहेत, त्यांना मदत म्हणून. साहेबांना माझ्याशिवाय दुसरं कुणी दिसलं नाही, ही एक प्रकारे पावतीच.

सकाळी मी लेबलं लिहिली. दुपारी बायकोने पेन काढून घेतलं. माझा ‘ओ’ ‘ए’सारखा दिसतो म्हणे.

आता मी फक्त चिकटवतो. तिरकं चिकटतंय, असं आत्ताच ऐकलं.