पुलाची फाईल आणि अडकलेला गोळा

नाशिक, द्वारकेजवळ
१२ फेब्रुवारी १९८२

प्रिय जयराम दाजी यांस, सप्रेम जयभीम.

गुडघा कसा आहे? तेल चोळता ना? तुमचा फुटका चष्मा अजून कोटाच्या खिशातच असणार, तेव्हा पत्र आमची विमलच तुम्हाला वाचून दाखवेल असं धरून अक्षर मोठं काढलं आहे. (आमची मंडळी, यशोदा, म्हणते, बढाईपण मोठीच काढली आहे. लक्ष देऊ नका.)

तर दाजी, तुमच्या नाल्यावरचा पूल जिंकला! दोन वर्षं त्या फायलीमागे माझ्या चपला झिजल्या. मार्चअखेरच्या कामांच्या यादीत नंबर लागला नसता तर पावसाळ्यात पुन्हा एसटी नाल्याअलीकडे थांबली असती आणि तुमच्या लताची नांदगावची शाळा पुन्हा चार महिने बुडाली असती. कचेरीत (नाव लिहीत नाही, अजून तिथे जायचं आहे) जो तो म्हणे, फाईल पुढे गेली. पुढे म्हणजे कुठे, ते साहेबांनाही ठाऊक नाही. शेवटी मी आठ दिवस व्हरांड्यातल्या बाकावर बसलो आणि फाईल कुठून उठते, कुठे बसते, ते जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर काढत गेलो. टेबल म्हणजे स्टेशन, फाईल म्हणजे मालगाडी. मनमाडला तीस वर्षं रेल्वेत सांधेवाला होतो, दुसरं काय सुचणार? चौदा स्टेशनं निघाली. त्यांतल्या तीन ठिकाणी गाडी नुसती चहाला थांबत होती.

एकेरी रुळावर पुढची लाईन मोकळी असल्याची खूण म्हणून ड्रायव्हरच्या हाती लोखंडी गोळा पडल्याशिवाय गाडी सुटत नाही, हे तुम्हाला मी (तुमच्या लग्नाच्या पंगतीतसुद्धा) सांगितलं आहे. इथे मोजणीचं टेबल म्हणे, आधी यादीतला नंबर दाखवा, मग मोजतो. यादीचं टेबल म्हणे, आधी मोजणी दाखवा, मग नंबर देतो. दोघे बाबू डबा एकत्र खातात, आणि दोन वर्षं दोघेही समोरून गोळा येण्याची वाट बघत बसलेले.

साहेबांसमोर कॅलेंडर पसरलं, काडेपेटीची फाईल केली आणि फिरवून दाखवली. काडेपेटी तिसऱ्यांदा त्याच जागी आली तेव्हा साहेबांनी खुर्ची पुढे ओढली.

"बाबा, हे कुठे शिकलात?"

"यार्डात, साहेब."

त्याच दिवशी हुकूम निघाला. आधी कच्चा नंबर, त्यावर मोजणी, मग पक्का नंबर, आणि तोही सगळ्याच गावांना. आपल्या पुलामागे अडकलेल्या चाळीस फायली धडाधड सुटल्या. कॅलेंडर आता साहेबांच्या भिंतीवर आहे, उलटं. तारीख बघायला त्यांना शेजारच्या खोलीत जावं लागतं.

लताला नवं दप्तर पाठवतो आहे. विमलला आशीर्वाद.

तुमचा,
भिकन

ता. क. चौदा स्टेशनं म्हणालो खरा, पण काल साहेबांनी पंधरावं दाखवलं. पुलाकडे जाणारा रस्ता तुमच्या बांधाच्या कोपऱ्यावरून जातो, आणि त्याच्या संमतीचा कागद दिवाळीपासून तुमच्याकडे पडून आहे म्हणे. तो आल्याशिवाय पक्का नंबर नाही. मी सगळी टेबलं पाहिली, तेवढी तुमची बाज पाहायची राहिली. गोळा तुमच्याच हातात आहे, दाजी.

ता. क. दुसरा. विमल, एवढं मोठ्याने वाचू नकोस. कागद चष्म्याच्या शेजारीच सापडेल. त्यांना तो नीट वाचून दाखव आणि लताला दप्तर घेऊन समोर उभी कर. पेन मात्र आधीच भरून ठेव.